अडतीसचा पंच

समजा, सकाळचे साडेसहा वाजलेत आणि हे काम तुम्हाला करायचंय. पोटात चहाचा घोटही गेलेला नाही, कारण चहा पिऊन हे काम केलं तर तो चहा उलटा वर येतो, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलात. समोर पलंगाच्या कडेला तुमची बायको उशीला टेकून बसली आहे, गाऊन वर गुंडाळून. तिच्या नाभीच्या उजवीकडे, दोन बोटं खाली, डॉक्टरांनी पाडलेलं एक भोक आहे आणि त्यातून लहान आतड्याचं टोक बाहेर काढून शिवलेलं आहे. लाल, ओलं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. ते हलतं. आपल्या मनाने आखडतं, फुगतं. त्याच्याभोवती बशीएवढी चकती चिकटवलेली असते आणि चकतीला पिशवी. जुनी चकती कडेकडेने सोडवायची, कातडी कोमट पाण्याने पुसायची, कोरडी करायची, नवी चकती तळहातांत धरून ऊब द्यायची आणि मधलं भोक बरोब्बर त्या टोकाभोवती बसवून दाबायची. सगळी मिळून चार मिनिटं. पण तुम्ही काम करताय म्हणून आतडं थांबत नाही. तिसऱ्या मिनिटाला ते पातळ, हिरवट-पिवळं काहीतरी तुमच्या बोटांवर सोडतं. गरम असतं ते. वास तुमच्या घशात जाऊन बसतो आणि दुपारपर्यंत उठत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रेम असलं की जमतं. जमतं, नाही कोण म्हणतंय. पण प्रेम असलं की वास येत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याने हे काम केलेलं नाही.

ज्याची ही गोष्ट आहे त्याला कारखान्यात सगळे पॅकिंगवाले म्हणत. पंप दुरुस्तीच्या त्या कारखान्यात तो एकतीस वर्षं एकच काम करत आला होता. दोन लोखंडी तोंडांच्या मध्ये बसणारी रबराची, फायबरची चकती कापायची. तिलाच पॅकिंग म्हणतात. ती नीट बसली तर पंप थेंब गाळत नाही, अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर सगळं पाणी बाहेर. त्याचं पॅकिंग गळत नाही, अशी ख्याती होती. गटारावरचे पंप उघडायचे असले की सगळे कामगार नाकाखाली बाम चोळत आणि तोंडाने श्वास घेत. पॅकिंगवाल्याच्या खिशात बामची डबी कायमच असे.

बायको त्याला त्याच कारखान्यात भेटली होती. ती गेटजवळच्या खिडकीत बसून बाहेर जाणाऱ्या मालाच्या पासवर शिक्का मारायची. हा आठवड्यातून चार वेळा पास हरवायचा. पाचव्या वेळी तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं होतं, "पास हरवतोय, की तुम्ही?" अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. मूलबाळ झालं नाही. मग संधिवाताने तिच्या हातांची बोटं वाकडी झाली, शिक्का सुटला, आणि यंदा आतड्यात गाठ निघाली. गाठ कापली, पोटावर हे आलं. पिशवी रिकामी करणं तिला कसंबसं जमे. चकतीच्या मागचा कागद सोलणं आणि भोक कापणं त्या बोटांनी होण्यासारखं नव्हतं. म्हणजे ते त्याचं काम.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं. छत्तीसचं टोक, अडतीसचं भोक, भोवती एक-एक मिलिमीटर मोकळा. वाकड्या कात्रीने कापायचं. पहिले दोन आठवडे त्याने तसं केलं, प्रत्येक वेळी भोकांचं मापकार्ड लावून, मोजून, बघून. आणि प्रत्येक वेळी त्याला ढवळून यायचं. गटाराच्या पंपाने कधी झालं नाही इतकं. पंप निदान बंद करता येतो. हे बायकोचं पोट होतं, ज्यावर डोकं ठेवून तो रविवारी दुपारी झोपायचा, आणि आता तिकडे नजर गेली की त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. या गोष्टीची त्याला इतकी लाज वाटे की ती त्याने स्वतःशीसुद्धा धड शब्दांत कबूल केली नव्हती.

मग त्याने कारागिराला सुचतं तेच केलं. जेवणाच्या सुट्टीत लेथवर बसून अडतीसचा पंच बनवला. पोलादी नळी, धारदार कडा, वरून हातोड्याचा एक ठोका.

फोरमन मागे येऊन उभा राहिला. "कुठल्या पंपाचं हे?"

"घरच्या."

"घरी पंप कधी बसवलात, पॅकिंगवाले?"

"डॉक्टरने बसवला."

फोरमन हसायला लागला, मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

त्या संध्याकाळी पॅकिंगवाल्याने तीन खोकी, तीस चकत्या एका बैठकीत पंच करून ठेवल्या. एकसारख्या, कडा गुळगुळीत. शिवाय फायबरच्या कागदाचं एक कडं वळलं, सदतीसचं. ते कडं बोटांनी चाचपून टोकाभोवती उभं करायचं, त्यावरून चकती खाली सरकवायची, कडं उचलायचं, दाबायचं. बघायची गरजच नाही. चार मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं. त्या दीड मिनिटात तो खिडकीच्या गजांकडे बघायचा आणि तोंडाने अखंड बोलत राहायचा. फोरमनचं, शेजाऱ्यांचं, काहीही. ती भिंतीकडे तोंड करून हुं हुं म्हणायची. चांगली सोय झाली असं त्याला वाटलं. मशीनवर बसवलेलं काम.

चकत्या मात्र लवकर सुटायला लागल्या. चार दिवस टिकणारी दोन दिवसांत, मग दीड दिवसात.

"काय गं, काल तर लावली होती."

"घामाने सुटते हो," ती म्हणाली. त्याने ते मानलं. मानणं सोयीचं होतं.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस सांगायला हवा, उपदेशक. ही दोघं रविवारी ज्या प्रार्थनासभेला जात, तिथे तो बोलायचा. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, मनाने चांगला. खुर्च्या स्वतः मांडायचा, म्हाताऱ्यांना घरापर्यंत सोडायचा. पण त्या महिन्यात त्याने एक विषय धरला होता: देव हा प्रियकर, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे आपण सगळे त्याची वधू. दर रविवारी त्याला नवा पाक सुटायचा. देव खिडकीखाली ताटकळतो. देव तुमच्या केसांचा गंध ओळखतो. पॅकिंगवाल्याला ते ऐकवत नसे. देवाला बाप म्हणा, मालक म्हणा, अगदी फोरमन म्हणा, त्याची ना नव्हती. पण हे डोळ्यांत डोळे घालणं, ही लाडीगोडी. मधात बुडवलेलं बोट कुणीतरी कानात घालावं तसं त्याला व्हायचं.

"मी कशी होणार त्याची नवरी," घरी येताना तो बायकोला म्हणाला. "मिशा आहेत मला."

"मिशांचं तो बघून घेईल," ती म्हणाली. "तुम्ही आधी सदऱ्याची बटणं नीट लावा."

तिला ती प्रवचनं आवडायची. का, ते तिने सांगितलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी उपदेशक तिची तब्येत विचारायला घरी आला. फळीवर खोकी दिसली, त्याने विचारलं, तिने मोकळेपणाने सांगितलं. हे काय असतं, कोण करतं. उपदेशकाने पॅकिंगवाल्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच भरले, तो माणूस नाटकी नव्हता.

"आणि मी महिनाभर शब्द शोधतोय," तो म्हणाला. "ताई, परवानगी द्याल तर रविवारी हे सांगू? नाव घेणार नाही."

नको म्हण, असं पॅकिंगवाल्याने मनात तीनदा म्हटलं.

"सांगा," ती म्हणाली.

उपदेशक गेल्यावर त्याने विचारलं, "कशाला हो म्हणालीस?"

"तुमचं कौतुक कधी कुणी केलंय? त्या फोरमनने? ऐका की एक दिवस."

रविवारी सभागृह भरलेलं होतं. वर दोन पंखे होते, त्यातला एकच फिरत होता. ही दोघं तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. उपदेशकाने नाव घेतलं नाही, पण त्या खोलीत पन्नाशी ओलांडलेला, कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेला माणूस एकच होता. उपदेशक म्हणाला, एक नवरा आहे. एके काळी खिडकीपाशी रेंगाळायचा. आज तिच्या पोटाशी गुडघे टेकून बसतो. तिच्या शरीरातून जे बाहेर येतं त्याला तो हात लावतो. "देव तुमच्यावर असंच प्रेम करतो," तो म्हणाला. "तुम्ही सजून बसता तेव्हा नव्हे. तुमची घाण वाहते तेव्हा. आणि तो तोंड फिरवत नाही."

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पॅकिंगवाल्याकडे पाहिलं, हात छातीवर ठेवून. कुणीतरी नाक ओढलं. त्याला शिसारी आली. उपदेशकाची, त्या ओल्या डोळ्यांची, पण सगळ्यात जास्त त्या नवऱ्याची, ज्याचं वर्णन चाललं होतं आणि जो तो नव्हता.

तेव्हाच वास आला. ओळखीचा. बायकोने त्याच्या मनगटावर वाकडी बोटं दाबली आणि उठून, पर्स पोटाशी धरून, ती मागच्या दाराकडे गेली.

तो लगेच उठला नाही. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे त्याने स्वतःच ते कुणापासून लपवलं नाही. तो बसून राहिला. उपदेशक वरून म्हणत होता की तो प्रियकर उठून तिच्या मागे जातो, आणि हा खाली बसून मोजत होता, ती एकटी सांभाळेल का, सांभाळेल बहुतेक. चांगली दोन मिनिटं गेली. मग पुढच्या बाईने रुमाल नाकाला लावला, तो पाहून त्याला संताप आला आणि त्या संतापात तो उठला.

सभागृहाच्या मागे मोडक्या खुर्च्यांच्या खोलीला लागून हात धुण्याची जागा होती. ती खुर्चीवर बसली होती, साडी बाजूला करून. चकती अर्धी सुटून लोंबत होती आणि ते पाणी मांडीवरून खाली ओघळलं होतं.

"दार लावा," ती म्हणाली.

"दे इकडे."

पर्समध्ये जादाची चकती होतीच, पंच केलेली. त्याने सवयीने वरच्या झरोक्याकडे नजर लावली, सदरा चाचपला. आज बामची डबी आणली नव्हती. ओला रुमाल घेऊन हाताने पुसायला लागला. बोटांना काहीतरी वेगळं लागलं. कातडीसारखं नाही. आणि ती ओरडली नाही, तिने फक्त श्वास आत ओढला, इस्त्रीला हात लागल्यावर ओढतात तसा.

त्याने खाली पाहिलं.

टोक लहान झालं होतं. सूज उतरून छत्तीसचं सव्वीसवर आलं होतं, आणि त्याच्याभोवती उघड्या राहिलेल्या कातडीचं एक कडं जळून सोललं गेलं होतं. पाझरत होतं, काही ठिकाणी कच्च्या मांसासारखं. आतड्यातून येणारं ते पाणी अन्न पचवतं, ते कातडीलाही सोडत नाही. जखमेची बाहेरची कड मात्र गोल होती, आखल्यासारखी. मोजपट्टीशिवाय त्याला आकडा कळला. अडतीस. त्याने आयुष्यात कापलेलं सगळ्यात नेमकं वर्तुळ बायकोच्या पोटावर होतं.

"कधीपासून?"

"महिना होत आला."

"आणि सांगितलं नाहीस? घामाने सुटते म्हणालीस?"

"तुम्ही बघत नव्हता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच त्याला ते जास्त लागलं. "पहिल्यांदा बघायचात तेव्हा मी तुमचं तोंड पाहिलंय. मग बाम लावून यायला लागलात. बामचा वास आला की मला कळायचं, आता गटार उघडायचंय. म्हटलं, निदान येतात तरी. बघायला लावलं तर येणंच सोडतील."

तो हात धुण्याच्या भांड्यावर वाकला आणि ओकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. पलीकडे सभागृहात लोक गाऊ लागले होते.

"झालं?" ती मागून म्हणाली. "आता पुसा. मला गार लागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी ते पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "दर वेळी मोजायचं, हे मी सांगितलं होतं. पहिले दोन महिने आकार उतरत जातो."

"सांगितलं होतं," पॅकिंगवाला म्हणाला.

"मग मोजलं का नाही?"

"मोजलं. पहिले दोनच आठवडे."

नर्सबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं फोरमनने एकतीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. जखमेवर घालायची पूड दिली, भेगा भरायची पेस्ट दिली. उरलेल्या पंच केलेल्या चकत्या टाकून द्यायला लावल्या.

जखम पंधरा दिवसांत वाळली. किळस वाळली नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं आहे. उलट आता बघावं लागत होतं म्हणून ती वाढली. कार्ड लावायचं, वाकायचं, त्या ओल्या लाल टोकाच्या वितीभर जवळ चेहरा न्यायचा, मोजायचं, कापायचं. बाम त्याने बंद केला. ती आता भिंतीकडे तोंड करत नसे, सरळ त्याच्याकडे बघायची.

"तोंड वाकडं करताय."

"होतंय."

"होऊ द्या. हात सरळ ठेवा."

तिसऱ्या आठवड्यात तो उपदेशकाला भेटायला गेला. उपदेशक एकटाच होता, खुर्चीच्या पायाला खिळा ठोकत. ठोकणं चुकत होतं, म्हणून पॅकिंगवाल्याने हातोडा स्वतःकडे घेतला आणि ठोकता ठोकता सगळं सांगून टाकलं. पंच, कडं, खिडकीचे गज, दोन मिनिटं बसून राहिला ते.

"तरी तुम्ही करतच होता ना," उपदेशक हळू आवाजात म्हणाला. "सोडून तर गेला नाहीत."

"तुम्ही म्हणालात, तो तोंड फिरवत नाही. मी फिरवत होतो. फिरवलं म्हणून तिची कातडी गेली. आणि ती लपवत राहिली, मी येणं सोडीन म्हणून. तुमच्या या खुर्च्यांवर किती जण असंच लपवून बसत असतील, विचार करा."

उपदेशकाने पुढचा खिळा त्याच्या हातात दिला.

"एक सांगा. देवाला आमची किळस येते का?"

"पापाची त्याला..."

"पापाचं नाही विचारत. आमची. अशी जवळून."

"नाही येत," उपदेशक म्हणाला. "मला तरी तसंच शिकवलंय."

"मग माझं नाव त्याच्याशेजारी लावू नका. ज्याला वासच येत नाही, त्याने गुडघे टेकले तर त्यात काय मोठं? ते कुणीही करील. तुम्ही लोकांना नवरा-बायकोचं प्रेम दाखवून देव समजावताय ना? मग नवरा अख्खा दाखवा. त्याच्या तोंडासकट."

"आणि येत असेल तर? किळस?"

हातोडा थांबला. "तर मग मला तो समजेल थोडासा. आवडेल की नाही, माहीत नाही."

उपदेशकाने उरलेले खिळे गोळा केले. "मी रविवारी ते उदाहरण मागे घेऊ का?" त्याने विचारलं. "उभा राहून सांगेन, माझं चुकलं."

पॅकिंगवाल्याने खुर्ची सरळ उभी करून हलवून पाहिली. "नको. तिला आवडलं होतं."

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. उपदेशक महिनाभर नवऱ्याबद्दलच बोलला होता. प्रियकर काय करतो, प्रियकर किती सोसतो. आणि आपणही जाऊन आपलंच रडगाणं गायलं. जिच्याकडे बघितलं जातं तिला काय वाटतं, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. आणि तीही त्या सभेत बसली होती. सगळ्यांसारखी तीही त्या देवाची वधू होती.

पुढच्या पाळीला, सकाळी साडेसहाला, कात्री हातात घेऊन त्याने तिला विचारलं. सरळ. "आधी तू भिंतीकडे बघायचीस, मी खिडकीकडे. माझी किळस तुला कळत होती, पण दिसत नव्हती. आता समोरच दिसते. तुला कुठलं बरं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आधी कापा," ती म्हणाली. "यायला लागलंय."

त्याने कापलं. अठ्ठावीस. भोवती बरोबर एक-एक मिलिमीटर मोकळा. चकती बसली, त्याच्या बोटांवर गरम ओघळ आलाच, त्याचं तोंड वाकडं झालं, तिने पाहिलं. मग ती उठून चहा ठेवायला गेली आणि तो विषय तिथेच राहिला.

त्याने पुन्हा विचारलेलं नाही. रविवारी तो अजूनही तिसऱ्या रांगेत बसतो. डोळे मिटलेली माणसं पाहतो आणि त्यांच्यातल्या कुणालातरी, निदान एकीला तरी, थांबवून विचारावं असं त्याला वाटतं: जो रोज सकाळी तुमच्याजवळ येतो, न चुकता येतो, त्याला तुमच्याकडे बघताना किळस येते, हे तुम्हाला कळलेलं बरं, की न कळलेलं?